भांग रुंदावतो तेव्हा

तळोज्यात नव्याने राहायला आलेल्या बायकांमध्ये केसांचा विषय निघाला की पहिला दोष जातो पाण्याला. ते साहजिकही आहे. फेज एक आणि फेज दोनच्या सोसायट्यांत नळ रुसला की टँकर मागवावा लागतो, कुठे बोअरचं पाणी वापरात येतं, बादलीच्या काठाला आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. शेजारीच रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये कासाडी नदीच्या परिसरातले भटके कुत्रे निळे झालेले दिसले आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. असलं काही पाहिलेली वस्ती पाण्याकडे संशयाने बघणारच. पण भांग रुंद होत चालला असेल, रबराला पूर्वी दोन वेढे लागत आणि आता चार लागत असतील, तर त्याचं कारण बादलीत क्वचितच सापडतं.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस राठ होतात, गुंततात, विंचरताना मधूनच तुटतात. जड पाण्यात ठेवलेल्या केसांची ताकद मोजणारा एक छोटा भारतीय अभ्यास २०१३ मध्ये झाला, त्यात डिस्टिल्ड पाण्याच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. नंतरच्या काही चाचण्यांत केस थोडे कमजोर झालेले दिसले. पण हा सगळा वाद कातडीबाहेरच्या केसाबद्दल आहे. केसाचं मूळ कातडीत काही मिलिमीटर खोल बसलेलं असतं, आणि जड पाण्याने ते मूळ सुकतं असं कुणी दाखवून दिलेलं नाही. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेतले तर केस मऊ राहतील. भांग त्याने भरणार नाही.

म्हणून उपायांकडे वळण्याआधी फणीत अडकलेला केस फेकू नका. खिडकीपाशी उजेडात धरा. एका टोकाला खसखशीएवढा पांढरा ठिपका दिसतोय, बोटांतून केस ओढला की तिथे बारीकशी गाठ लागतेय, तर तो केस मुळातून सुटला आहे. ठिपका नाही, लांबीही अर्धवट आहे, तर तो तुटला आहे. पांढरा ठिपका बघून ‘मूळच निघालं’ म्हणून अनेकजणी धास्तावतात. तसं नसतं. तो विश्रांतीला गेलेल्या केसाचा बुडखा असतो, ज्या खळग्यातून केस उगवतो तो जागच्या जागी राहतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस असे जाणं हा निसर्गाचाच हिशेब आहे. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो.

तिसरी तऱ्हा फसवी आहे. तिच्यात केस फारसे गळताना दिसतच नाहीत, पण नवा येणारा प्रत्येक केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. टाळू उजेडात चमकायला लागते, कपाळाची कड मात्र शाबूत राहते. एरिख लुडविग या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९७७ मध्ये बायकांच्या या विरळपणाच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरात आहेत. तुटणं, गळणं आणि बारीक होत जाणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. घरगुती उपायांवरचे निम्मे वाद या तिघांना एकाच तेलाने चोळल्यामुळे होतात.

तुटण्यावर आजीचं खोबरेल खरोखर चालतं, आणि याचा पुरावा मुंबईतलाच आहे. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुण्याआधी किंवा नंतर खोबरेल लावलं तर केसातलं प्रथिन कमी वाहून जातं, बाकीच्या दोन तेलांनी तसं होत नाही, असा तिचा निष्कर्ष. खोबरेलातलं लॉरिक आम्ल बारीक आणि सरळ रेणूचं असल्याने ते केसाच्या आत शिरतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच खोबरेलाला प्रशस्तिपत्र दिलं हे विसरू नये, पण कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. तरी लक्षात घ्या, अभ्यासाने मोजलं ते केसाचं झिजणं. केसांची संख्या वाढते असा दावा त्या दोघांनीही केलेला नाही. तो नंतर जाहिरातींनी आणि आपण केला.

माक्याच्या तेलाची गोष्ट जास्त रंजक आहे, आणि पनवेलकरांना ती परकी नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये पनवेलला श्री धूतपापेश्वर हा औषधी कारखाना सुरू केला. ज्या काळात औषध घरोघर उकळायचं त्या काळात ते बाटलीत भरून विकणाऱ्या पहिल्या काही नावांपैकी हे एक. तेल सिद्ध करण्याची रीत मात्र कारखान्याची आणि घरची मुळात सारखीच आहे. एक भाग वाटलेला कल्क, चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा, आणि मंद आच. पाणी आटेपर्यंत कढईत तडतड चालते. तेल तयार व्हायला आलं की फेस वर येतो (तुपाचं याच्या उलट, तिथे फेस बसतो). तळाचा कल्क बोटांत वळून त्याची वात करतात आणि ती पेटवतात. चटचटली तर आत पाणी आहे, अजून उकळायला हवं. ओढ्याकाठी पावसाळ्यात माका फुकट मिळतो, आणि हे सगळं करून काढलेलं तेल बाजारातल्या ‘भृंगराज’ लिहिलेल्या, मुख्यतः खनिज तेल असलेल्या बाटलीपेक्षा कितीतरी चांगलं, यात मला शंका नाही.

पण त्याने केस उगवतात का? माक्याच्या अर्काने उंदरांच्या कातडीवरचे केस लवकर वाढीला लागले, असे प्रयोग भारतात झाले आहेत. जास्वंदाच्या पानांचेही झाले. बायकांच्या विरळ केसांवर मोठी, नीट आखलेली चाचणी माक्याची झालेली नाही. आणि आयुर्वेदही नुसत्या तेलावर भागवत नाही. खालित्य आणि इंद्रलुप्त यांचा विचार करताना वैद्य आहार, पचन, झोप, पाळी यांची चौकशी आधी करतो, तेल हा चिकित्सेचा एक भाग. आपण तेवढाच भाग उचलला, कारण तो सोपा आणि सुवासिक होता.

एक इशारा इथेच देते. कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवणं बंद करा. कोंड्याशी नातं असलेली मॅलॅसेझिया नावाची बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते. डोकं खाजतंय म्हणून तेल, तेलाने कोंडा, कोंड्याने खाज, या चक्रातून कितीतरी केस खाजवण्यानेच जातात.

आता गळण्याकडे. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी, डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड किंवा कोविडच्या तापानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवल्यावर, घरात मृत्यू झाल्यावर, मूठमूठभर केस येतात. शरीराला धक्का बसला की वाढीला लागलेले बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि ते गळतात तीन महिन्यांनी. म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड कुणाला लागत नाही. जुलैत ताप येऊन गेलेला असतो, ऑक्टोबरात केस जातात आणि बोल लागतो दिवाळीच्या रंगकामातल्या वासाला. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. यातलं मर्म असं की कारण एकदाच घडून गेलेलं असेल तर हे गळणं बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतं.

घरगुती उपायांची सगळी कीर्ती या सहा महिन्यांवर उभी आहे. बाई पहिल्या महिन्यात मेथी लावते, दुसऱ्यात कोरफड, तिसऱ्यात कांद्याचा रस, चौथ्यात कुणीतरी गावाहून आणलेलं काळं तेल. पाचव्या महिन्यात गळणं थांबतं आणि श्रेय काळ्या तेलाला जातं. ते पुढे दहा जणींना सांगितलं जातं, खोट्या हेतूने नव्हे, अनुभव म्हणूनच. ऋतूचंही तसंच. झुरिकमध्ये सहा वर्षांत ८२३ स्त्रियांच्या केसांची तपासणी झाली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. विश्रांतीतल्या केसांचं प्रमाण उन्हाळ्यात सर्वाधिक होतं, म्हणजे गळणं त्यानंतरचं. तिथला उन्हाळा आणि आपला वेगळा, पण ऋतूबरोबर गळणं वाढतं-ओसरतं हे आपल्या बायका सांगतात ते अगदीच उगाच नाही.

गळणं सहा महिन्यांपलीकडे गेलं तर मात्र कारण अजून आत बसलेलं आहे असं समजावं. आपल्याकडे पहिला संशय लोहावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. लोहाचा साठा आणि केस यांचा संबंध किती घट्ट यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण रक्तच कमी असताना डोक्याला जास्वंद चोळत बसण्यात अर्थ नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. हिमोग्लोबिन बरं दिसलं तरी साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासायचं असतं. त्याच्या जोडीला थायरॉइड. पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि डोक्यावर विरळ, असं असेल तर पीसीओडीची तपासणी.

यातली खरी नैसर्गिक उपाययोजना तेलाच्या कढईत नाही, ताटात आहे. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या बायकांनी केसांचा विचार केला होता की नाही कोण जाणे, पण नारळ, गूळ आणि अळीव हा मेळ लोहाच्या दृष्टीने उत्तमच आहे. नाचणी, पालेभाज्या, मटकी, चवळी, आणि खाणाऱ्यांना मासे, अंडी, कलेजी. वर लिंबू पिळलं किंवा आवळा खाल्ला तर भाजीपाल्यातलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर कमी होतं. कारखान्यातली पहिली पाळी सुटल्यावर घरी येऊन चहा-बिस्किटावर जेवण उरकणाऱ्या बाईला तेलाची बाटली देण्यापेक्षा हे एक वाक्य सांगणं जास्त कामाचं. आणि प्रथिनं. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ केराटिन, ते प्रथिनच. भात-आमटीतली आमटी पातळ आणि उपास भरपूर, अशा आहारात शरीर केसांना शेवटचा नंबर देतं.

‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी बुलढाणा आठवावं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक हातात यायला लागले, आणि काही दिवसांतच टक्कल. पावणेतीनशेच्या आसपास माणसं, त्यात कॉलेजातल्या मुलीही. लग्नं अडली, मुली तोंड लपवू लागल्या, वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं. तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला. नमुने घेतले गेले, मग बुरशीची चर्चा झाली, शाम्पूची झाली, आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातले, तिथे गेले. त्यांनी रेशनवरचा गहू, लोकांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले आणि निष्कर्ष मांडला की गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी आहे. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचं त्यांनी सांगितलं. पंजाबातल्या काही पट्ट्यांच्या जमिनीत सेलेनियम मुळातच जास्त आहे, तिथून ते पिकात उतरतं. त्यांचा निष्कर्ष धरला तर कुणी भेसळ केलेली नव्हती, कुठलं रसायन फवारलेलं नव्हतं. जमिनीतलं विष गव्हात आलं, इतकंच. त्यापेक्षा नैसर्गिक काय असणार!

सेलेनियम अगदी थोडं लागतं आणि ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत असतं. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पूरकात लेबलवर होतं त्याच्या दोनशेपट सेलेनियम निघालं आणि दोनशेवर लोक आजारी पडले, त्यात अनेकांचे केस गेले. अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही केस गाळतो. कमतरता तपासून न घेता गोळ्या खाणं हा उपाय नव्हे, जुगार आहे.

राहिला तिसरा प्रकार, बारीक होत जाणाऱ्या केसांचा, आणि इथे नैसर्गिक उपायांची बाजू सगळ्यात लंगडी पडते. हल्ली रोझमेरी तेलाची फार चलती आहे. तिच्या मुळाशी २०१५ चा इराणमधला एक अभ्यास आहे: पन्नास जणांना रोझमेरी तेल, पन्नास जणांना दोन टक्के मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध. तीन महिन्यांनी दोन्हीकडे फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्हीकडे सारखीच थोडी वाढ. ऐकायला झकास. पण ते शंभरही जण पुरुष होते, आणि काहीच न लावणारा तिसरा गट नव्हता. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा कोरियातला २०१४ चा अभ्यास जास्त नीट आखलेला होता, ७६ जणांवर, २४ आठवड्यांचा. केसांची संख्या तेल घेणाऱ्यांत ४० टक्क्यांनी वाढली, न घेणाऱ्यांत १० टक्क्यांनी. तेही पुरुषच. बायकांच्या डोक्यासाठी सांगितली जाणारी तेलं पुरुषांच्या डोक्यावर तपासली गेली, हा या सगळ्या प्रकरणातला विनोद आहे.

कांद्याच्या रसाचंही असंच घडलं. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी तो २३ रुग्णांना लावला, सहा आठवड्यांत वीस जणांना केस आले, साधं पाणी लावणाऱ्या पंधरांपैकी दोघांना. आकडे खरे आहेत, पण आजार होता चाई, म्हणजे गोल चकत्या पडतात ती. चाईचे केस पुष्कळदा आपोआपही येतात. भांग रुंदावण्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे भांग रुंदावला म्हणून आठवड्यातून तीनदा डोक्याला कांदा फासून ऑफिसला निघालेल्या बाईबद्दल मला सहानुभूती आहे, तिच्या शेजारी बसणाऱ्यांबद्दल थोडी जास्त.

या प्रकारात बायकांवर तपासलेला आणि उपयोगी ठरलेला बाहेरून लावायचा उपाय म्हणजे मिनॉक्सिडिल. मूळचं रक्तदाबाचं औषध, केस वाढण्याचा दुष्परिणाम दिसला म्हणून डोक्यावर आलं, आणि अमेरिकेत दोन टक्क्यांचं द्रावण १९९१ मध्ये बायकांसाठी मंजूर झालं. ते नैसर्गिक नाही. सुरुवातीला काही आठवडे केस जास्त गळतात, सोडलं की मिळालेला फायदा जातो, गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना चालत नाही. डॉक्टरला विचारूनच घ्यावं. पण रोझमेरीवर दोन वर्षं घालवली तर मधल्या काळात केस बारीक होत राहतात, आणि फार बारीक झालेला केस परत जाड करणं कठीण.

ओढीचा विरळपणा मात्र निव्वळ सवय बदलून सुटतो. एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांत किंवा मासळी प्रक्रियेच्या युनिटात टोपीच्या आत केस कोंबावे लागतात, म्हणून घट्ट बुचडा बांधला जातो. टोपीने केस जात नाहीत, बुचड्याने जातात, तेही कानशिलाच्या कडेने. सणासमारंभाला गंगावन लावून घातलेला जड खोपा, त्यावर गजऱ्यांचं ओझं, एक दिवसापुरतं ठीक. रोजची ओढ वेळेत थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालली तर मूळच मरतं.

हे सगळं बायका डॉक्टरकडे न्यायच्या ऐवजी स्वयंपाकघरात का सोडवतात, याचं उत्तर केसांत नाही. बाईचं बोडकं डोकं हे आपल्याकडे फार काळ वैधव्याचं चिन्ह होतं. विधवांचे केस भादरणार नाही असं मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ठरवलं, तेव्हा कुठे त्या रूढीला चारचौघांत धक्का बसला. विरळ डोकं झाकायचं, त्याबद्दल हळू आवाजात बोलायचं, ही सवय त्या चिन्हापासून फार लांब नाही. बाजाराला ती बरोबर कळते. १९४५ च्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, कोणत्या दुखण्यांवर इलाजाचा दावा औषधाने करायचा नाही, त्यांची यादी आहे. तिच्यात टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. म्हणून पुष्कळ तेल-शाम्पूंच्या जाहिरातीत ‘केसगळती कमी’ असं ठळक लिहून कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘तुटण्यामुळे होणारी’ एवढी पुस्ती जोडतात. ती पुस्ती वाचा. बाटलीवरचा तेवढाच भाग बहुधा खरा असतो.

माझं म्हणणं असं: खोबरेल लावा, माका उकळा, केसांना आणि मनाला बरं वाटतं. त्याआधी सकाळच्या उजेडात भांगाचा फोटो काढा आणि महिन्याने त्याच जागी उभं राहून दुसरा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासून घ्या. चकत्या पडल्या, टाळू दुखू लागली किंवा सहा महिन्यांत फरक नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, दोन्ही तळोज्यापासून लांब नाहीत. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी तसं सांगा, डॉक्टर म्हणतील तितके दिवस त्या बंद ठेवा. बायोटिनमुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो.